खुणेच्या अलीकडे

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये माझा दवाखाना आहे. खाली औषधाचं दुकान, बाजूला झेरॉक्स, वर येणाऱ्या जिन्यावर चपलांचा ढीग. मी मेंदू आणि मज्जातंतूंची डॉक्टर. माझ्याकडे फिटचे आणि लकव्याचेच पेशंट येत असतील असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे निम्मे लोक पायाला मुंग्या येतात म्हणून येतात. शुगर वाढलेली असते, नसा झिजलेल्या असतात. "तळपायाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं, डॉक्टरबाई," हे वाक्य मी रोज ऐकते. बिलोलीकडून आलेला माणूस ते मराठीत सांगतो, देगलूर नाक्याचा दखनीत सांगतो, पण कापूस दोघांच्याही बोलण्यात असतो.

अशा पेशंटची मी एक साधी तपासणी करते. बोटाला बारीक शॉक द्यायचा आणि तो संदेश नसेतून मनगटापर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मशीनच्या पडद्यावर एक आडवी रेघ असते. शॉक दिला की तिच्यावर उभी खूण उमटते, आणि खुणेच्या पलीकडे, उजव्या बाजूला, एक छोटी टेकडी उठते. ती टेकडी म्हणजे पोचलेला संदेश. नस चांगली असेल तर टेकडी खुणेजवळ, झिजलेली असेल तर लांब, मेलेली असेल तर टेकडीच नाही.

नसेतला संदेश रेल्वेपेक्षा जोरात धावतो, पण तो तात्काळ नसतो. अंगठ्याला ठेच लागते, आणि ती लागल्याचं मेंदूला कळेपर्यंत थोडा वेळ गेलेला असतो. तेवढं अंतर मेंदू आपल्याला जाणवू देत नाही. आपण सगळेच जरा शिळ्या जगात राहतो. शिकवताना हे वाक्य मी विद्यार्थ्यांना हसत सांगायचे. आता सांगत नाही.

पार्वतम्मा पहिल्यांदा आली ती तुरीच्या काढणीच्या दिवसांत. बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातली, पन्नाशीची, ठेंगणी, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी. बरोबर नवरा, विरूपाक्ष. उंच माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलताना टोपी हातात धरायची सवय. घरची शेती, मुलगा शिवशंकर हाताखाली आलेला. पार्वतम्माच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग होते. काही जुने, काही अजून ओले.

"हिला चटका आधी बसतो," विरूपाक्ष म्हणाला.

"आधी म्हणजे?"

"आधी म्हंजे आधी. भाकर टाकायला जाते. हात तव्यापासून एवढा लांब असतो, तरी ओरडते. आन् घाबरून हात तव्यावरच पडतो. खरंच भाजतंय त्या टायमाला काहीच न्हाई. कातडं जळून राहतं आन् ही नुसती बघत बसते."

"हाव," पार्वतम्मा म्हणाली. "तसंच होतंय."

आधी ओरडणं हा भीतीचा भाग आणि नंतर न कळणं हा बधिरपणाचा, असं मी मनात मांडलं. आमच्या भागात हातपाय बधिर होण्याची कारणं ठरलेली आहेत. शुगर तपासली, चांगली निघाली. त्वचेवर कुष्ठरोगाचे चट्टे शोधले, नव्हते. मग डोळे मिटायला सांगून मी कापसाचा बोळा हाताला लावून पाहिला. लागला की 'हाव' म्हणायचं. ती दर वेळी बोळा टेकायच्या किंचित आधी 'हाव' म्हणत होती. मला वाटलं, माझी लय तिनं पकडली. मी लय मोडली. मध्येच थांबले, लगेच दोनदा लावला, नुसताच हात फिरवून परत घेतला. तिचं काही चुकलं नाही.

शिवांगीनं तिला मशीनच्या खाटेवर घेतलं. शिवांगी माझ्याकडे तपासण्या करते, शांत आणि नीटनेटकी मुलगी. बऱ्याच वेळानं तिनं मला आत बोलावलं. "मॅडम, मशीन बिघडलंय."

पडद्यावर रेघ होती, खूण होती, टेकडीही होती. आकार सुरेख, उंची भरपूर, एकदम निरोगी नस. फक्त ती खुणेच्या अलीकडे होती. डावीकडे.

मी वायर बदलल्या. हाताला लावायच्या धातूच्या चकत्या पुसून पुन्हा लावल्या. शिवांगीच्या हातावर करून पाहिलं, माझ्या हातावर केलं. आमच्या टेकड्या जिथं असायला पाहिजेत तिथंच होत्या. पार्वतम्माच्या बोटाला पुन्हा पट्टी बांधली. मी बटणावर बोट ठेवलं होतं, दाबलं नव्हतं, तेवढ्यात तिनं हात आखडला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. मशीनमध्ये काही दोष नव्हता.

माझे शिक्षक डॉ. पंचाक्षरी लातूरला असतात. औसा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना आणि त्यावरच घर. त्यांच्याकडे दुसऱ्या बनावटीचं मशीन आहे. मी फोन करून वेळ घेतली. विरूपाक्ष आणि पार्वतम्मा एसटीनं अहमदपूरवरून आले, मी माझ्या गाडीनं गेले. मध्ये दोन-तीन आठवडे गेले असतील.

सरांनी स्वतः तपासणी केली. शॉक दिला. खूण उमटली. टेकडी कुठंच नव्हती, अलीकडे नाही, पलीकडे नाही. त्यांनी शॉक वाढवला. बोट नुसतं उडत होतं. पार्वतम्मा भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होती.

"ही नस गेलेली आहे, वहिदा," सर म्हणाले. "तुझ्याकडे काय चुकलं ते बघ."

"शॉक ना?" पार्वतम्मा म्हणाली. "तो सकाळीच बसला की."

सरांनी चष्मा वर केला.

"अहमदपूरच्या स्टँडात गाडी थांबली होती," विरूपाक्ष म्हणाला. "आम्ही चहा घेऊन राहिलो होतो. हिनं हात झटकला, अन् सगळा चहा लुगड्यावर. ह्याच बोटाला म्हणली. आधी हळू हळू बसले, मंग जोरात."

तिच्या लुगड्यावर चहाचा डाग होता. अजून पुरता वाळला नव्हता.

सरांनी मशीन बंद केलं, वायर गुंडाळल्या. गुंडाळताना त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. जिन्यापर्यंत मला सोडायला आले तेव्हा म्हणाले, "हा पेशंट मी बघितला नाही असं धर." त्यानंतर आमचं बोलणं झालं आहे, पण त्या दिवसाबद्दल नाही.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. एखादी गोष्ट समजली नाही तर निदान तिची वागण्याची रीत तरी समजून घ्यावी, एवढं मला येतं. अंतर वाढत होतं, हे उघड होतं. आधी क्षणाचा अंश, मग काही तास. नस नेमकं काय आधी पोचवते ते मला पाहायचं होतं. मी विरूपाक्षला सांगितलं, "उद्या दुपारी दवाखान्यात या. मी सुई टोचणार आहे. ती कुठं टोचली ते पार्वतम्माला सकाळी कळलं की मला फोन करा."

सकाळी मी घरी चहा घेत होते. टोचायची ती डाव्या करंगळीला, असं मी तेव्हाच ठरवलं. फोन आला.

"डाव्या करंगळीला, म्हणते."

"बरं," मी म्हणाले. फोन ठेवला आणि मनातल्या मनात बदल केला. करंगळी नाही, उजव्या कानाची पाळी.

थोड्या वेळानं पुन्हा फोन वाजला. "डॉक्टरबाई, ती म्हणते करंगळीचं गेलं. आता उजव्या कानाला टोचलं."

मी चहाचा कप खाली ठेवला. पुन्हा काही बदललं नाही. दुपारी ते आले, मी कानाच्या पाळीला सुई टोचली. रक्ताचा थेंब आला. तिनं पापणीही हलवली नाही.

ती माझं मन वाचते आहे, असं समजून मी एक-दोन दिवस बरीच निश्चिंत होते. मन वाचणं हेही अशक्यच, पण ते माझ्या विषयाबाहेरचं अशक्य होतं. मग विरूपाक्षनं सांगितलं, की वासराची लाथ तिला आदल्या दिवशीच पोटरीला लागली होती. पोटरी धरून ती अंगणात बसली आणि पोटरीवर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी लाथ बसली, काळंनिळं झालं, आणि तेव्हा ती गोठ्यात झाडत होती, झाडतच राहिली. वासरानं आदल्या दिवशी काही ठरवलं असेल असं मला वाटत नाही.

मी तिला नसांच्या दुखण्याची गोळी सुरू केली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तिला त्यानं थोडं बरं वाटलं. "जातं न्हाई," ती म्हणाली, "पण मऊ पडतं."

घरातल्यांनी स्वतःला सावरून घेतलं. चूल आता विरूपाक्ष पेटवायचा. शिवशंकरला वाटत होतं की आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यानं तसं मला फोनवर स्पष्ट विचारलंही, आणि मी 'तपासण्या चालू आहेत' एवढंच म्हणाले. नवरा-बायकोचं मात्र एक वेगळंच चाललं होतं. ते माझ्यासमोर बोलायचे, मी खोलीत नसल्यासारखे.

"परवा तुम्ही माझा हात धरून बसलात," ती एकदा म्हणाली.

"परवा? परवा तर मी मोंढ्यावर तूर विकायला गेलो होतो."

"मागचा परवा न्हाई. पुढला."

"बरं," तो म्हणाला. "बसंन की."

उन्हाळा लागला. भेटींमधलं अंतर मी कमी केलं, तिचं अंतर मात्र वाढत गेलं. दिवसांचं आठवड्यांवर गेलं. कडक उन्हात ती गोधडी घेऊन बसायची, कारण अंगाला श्रावणातली झड लागत होती. वैशाखात तिच्या केसांतून पाणी निथळल्याची शिरशिरी यायची आणि केस कोरडे असायचे. हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नसे, गावाकडची खबर दिल्यासारखं सांगायची.

मग एका भेटीला ती वेगळीच वाटली. खुर्चीवर ताठ बसून होती. नेहमी बसते तशी नाही.

"काय वाटतंय?" मी विचारलं.

"मांडी घातलीय," ती म्हणाली. तिचे पाय खुर्चीवरून खाली सोडलेले होते. "उठता येत न्हाई. पाठीला भिंत हाय, ओली. डाव्या हातावर लिंग हाय."

"पूजेला बसल्यासारखं?"

"हाव. पण हात मिटता येत न्हाई. बोटं माझी ऐकत न्हाईत. तोंडात..." तिनं जीभ टाळूला लावून पाहिली. "तोंडात माती हाय."

विरूपाक्षनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शिवांगीला म्हणाला, "ताई, हिला जरा बाहेर पाणी द्या." त्या दोघी गेल्यावर तो खिडकीकडे पाहत राहिला. खाली कोणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतं.

"आमच्या लिंगायतांत माणसाला असं बसवतात," तो म्हणाला. "माती देताना. मांडी घालून, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठिवून. भोवती विभूती, बेल, अन् मंग माती." तो माझ्याकडे वळला. "तुमच्यातही मातीच देतात ना, डॉक्टरबाई?"

"हो."

"मंग तुम्हाला कळंल."

मी त्याला जे खरं आहे ते सांगितलं. हृदय थांबलं की मेंदूला रक्त मिळत नाही. मेंदू काही मिनिटांत जातो. नसा जरा जास्त टिकतात, मग त्याही जातात. संदेश निघायला जिवंत नस लागते आणि तो घ्यायला जिवंत मेंदू लागतो. मातीत गेलेल्या माणसाला काही कळत नाही. हे मी त्याला दोनदा सांगितलं. पार्वतम्मा दारात येऊन उभी होती, तिनंही ऐकलं.

"मंग हे कोणाला लागून राहिलं?" तिनं विचारलं.

मी गोळीची मात्रा वाढवली.

त्यानंतरच्या भेटीत विरूपाक्ष एकटाच आधी आत आला. दार लावून घेतलं. "जाळलं तर?" तो म्हणाला. "जाळलं की नस उरतच न्हाई ना? आमच्यात जाळत न्हाईत. भावकी गोंधळ घालंल. पण जाळलं तर सुटंल का ती?"

"जाळल्यावर नस उरत नाही," मी म्हणाले. शास्त्र म्हणून हे उत्तर बरोबर होतं.

दोन दिवसांनी सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी त्याचा फोन आला. त्याचा आवाज नीट ऐकू येत नव्हता, कारण मागं ती ओरडत होती. माणसाचं ओरडणं मी पुष्कळ ऐकलं आहे. हे तसलं नव्हतं. त्यात श्वास घ्यायला जागा नव्हती.

"आग आग म्हणून राहिली," तो म्हणाला. "लोळून राहिली अंगणात. अंगावर काहीच न्हाई, फोड न्हाई, काही न्हाई. शेजारचे जमलेत."

"विरूपाक्ष, तुम्ही कोणाशी बोललात का? जाळण्याचं?"

"कोणालाच न्हाई. शिवशंकरला पण न्हाई. नुसतं मनात पक्कं केलं, पहाटं."

"मनातून काढून टाका."

"आँ?"

"आत्ता. माती द्यायची असं ठरवा. पक्कं ठरवा."

फोन चालूच होता. मी शिवांगीच्या टेबलाशी उभी होते, समोर पहिला पेशंट फाईल घेऊन बसला होता, माझ्याकडे पाहत होता. फोनमधलं ओरडणं तुटलं. मग बायकांचे आवाज, कोणीतरी 'पाणी, पाणी' म्हणालं.

बऱ्याच वेळानं विरूपाक्ष बोलला. "न्हाई, पाणी नको म्हणते. गार लागून राहिलं म्हणते." आणि मग, "गार हाय ते बरं हाय, म्हणते."

त्या दिवशी मी सगळे पेशंट तपासले. त्यांना काय लिहून दिलं ते कागदावर होतं म्हणून मला माहीत आहे.

यानंतर विरूपाक्षनं काय केलं ते मी त्याच्याच तोंडून ऐकलं, थोडं थोडं, दर भेटीला. त्यानं शेतातली जागा ठरवली. आधी मनात होती ती बांधावरच्या कडुलिंबाखाली, सावलीला. पार्वतम्मा म्हणाली, मांडीत काहीतरी शिरून राहिलंय, बारीक, केसासारखं, रोज जरा जरा आत. त्याला कळलं, मुळ्या. त्यानं जागा बदलली, झाडापासून लांब, माळाच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी तिचं शिरणं थांबलं. मग ती म्हणाली, उजव्या मांडीखाली खडा टोचतो. एकच आहे, पण सारखा. त्यानं घरातली धान्याची मोठी चाळणी शेतात नेली आणि माती चाळायला बसला.

"गावाला काय सांगता?" मी विचारलं.

"फुलझाडं लावायचीत म्हणतो."

"आणि शिवशंकर?"

"तो बोलतच न्हाई माझ्याशी."

खुर्चीतून पार्वतम्मा म्हणाली, "खडा गेला." ती जवळजवळ हसत होती. "माती मऊ हाय आता. पिठासारखी."

त्या दोघांच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली असतील. त्यानं तिच्यासाठी याआधी काय काय केलं ते मला माहीत नाही. तो चाळलेली माती पोत्यात भरून गोठ्यात ठेवत होता आणि वर ताडपत्री टाकत होता, एवढं मला माहीत आहे. त्याच्या नखांत ती माती असायची. तिचा हात तो हातात घ्यायचा, आणि ते तिला आता कळत नसे. कळण्याच्या पलीकडे ती गेली होती. तो तरी धरून बसायचा.

मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती मी बरेच दिवस टाळली. मातीतलं हे लागणं कुठंतरी थांबायला हवं होतं. अंतर वाढत होतं, म्हणजे ती रोज आणखी पुढचं सांगत होती. कधीतरी पुढं काहीच नसायला हवं होतं. शेवटच्या भेटीत मी विचारलं.

"पार्वतम्मा, आता कुठवर?"

"पाऊस लई झाले," ती म्हणाली. "पहिल्या वर्षाला पाणी लागतं, गुडघ्यापर्यंत येतं अन् आटतं. मंग बरीच वर्षं न्हाई. माती बसते. मंग वरून नांगर जातो, लांबून. हे सगळं मालकाला सांगितलंय मी, ओळीनं."

"आणि तुम्ही? तुम्ही अजून तशाच?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. प्रश्न मला कळला नाही असं तिला वाटलं असावं.

"मी कुठं जाईन?" ती म्हणाली.

पार्वतम्मा वारली ती भर दुपारी, अंगणात शेंगा फोडताना. विरूपाक्षनं मला फोन केला. गावात डॉक्टर होता, तरी तो म्हणाला, तुम्हीच या. मी बिलोलीच्या रस्त्यानं निघाले तेव्हा दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं होतं. मी पोचले तेव्हा तिला ओसरीवर ठेवलं होतं. विधी करणारे स्वामी आले होते, बायका हळू आवाजात काही म्हणत होत्या. लोकांनी मला वाट करून दिली.

"नीट बघा, डॉक्टरबाई," विरूपाक्ष म्हणाला. "लई नीट बघा."

मी नीट पाहिलं. बाहुल्यांवर उजेड टाकला, छातीवर कान ठेवून कितीतरी वेळ ऐकलं, गाडीतून आणलेल्या छोट्या मशीनवर हृदयाची पट्टी काढली. पट्टी सरळ होती. मी ती त्याला दाखवली.

"गेल्या," मी म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं."

त्यानं मान हलवली. मग मुलाला म्हणाला, गोठ्यातली पोती घे. शिवशंकर बापाकडे पाहत राहिला, आणि मग त्यानं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.

आमच्यातल्या बायका दफनाला जात नाहीत. मी शेताच्या बांधावरून पाहिलं. खड्ड्यात तिला बसवलं. मांडी घातलेली, पाठ मागच्या भिंतीला टेकलेली. डावा हात वर करून तळहातावर लिंग ठेवलं. विरूपाक्ष स्वतः खाली उतरला आणि तिच्या दोन्ही मांड्यांखाली हात घालून चाचपून पाहिलं. विभूती झाली, बेल झाला. माती टाकायला लोक पुढं सरकले तेव्हा त्यानं सगळ्यांना थांबवलं आणि आधी आपली पोती रिकामी केली. हळू, एका बाजूनं, चेहऱ्याकडे येताना आणखी हळू. पिठासारखी माती होती ती. तिच्या ओठांवर बसली.

मी रात्री नांदेडला परतले.

पुढं वर्ष गेलं. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस जोरात झाला, लेंडी नदीला पूर आला, बिलोलीकडचे रस्ते बंद झाले. विरूपाक्ष आला तो पाणी ओसरल्यावर. नंबर लावून, इतर पेशंटांत बसून. शिवांगीनं नाव पुकारलं तेव्हा मी ते नीट ऐकलं नाही. तिनं 'पार्वतम्मा' असं पुकारलं होतं. फाईल त्याच्या हातात होती.

तो बसला. थकला होता. टोपी हातात घेतली.

मी त्याला त्याच्या तब्येतीचं विचारणार होते. माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"कसं वाटतंय त्यांना?"

"पाणी लागलंय," तो म्हणाला. "गुडघ्यापर्यंत. चर खांदून बघितला, पण खालून येऊन राहिलं." मग म्हणाला, "गोळी संपली. पाण्यात विरघळवून तिच्या मातीवर घालतो मी, रोज सकाळी. मऊ पडतं म्हणायची ना."

त्याला काय सांगायचं ते मला माहीत होतं. मी ते आधी दोनदा सांगितलं होतं. बाहेर बाकावर पुष्कळ लोक बसलेले होते.

मी पॅड पुढं ओढलं आणि गोळी लिहिली. मात्रा एक पायरी वाढवली, सकाळी आणि संध्याकाळी. वर नाव लिहिलं. वयाच्या रकान्याशी पेन थांबलं. मी फाईल उघडून मागच्या वर्षीचं वय पाहिलं, आणि त्यात एक मिळवून लिहिलं.